फिशर–स्पास्की १९७२, सहावा डाव आणि टार्टाकोव्हर बचाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या बुद्धिबळ वर्गात हा डाव दरवर्षी एकदा पटावर मांडला जातो आणि त्यानंतर आठवडाभर प्रश्न येत राहतात. काही पालकांचे असतात, काही मुलांचे, काही पन्नाशीनंतर पुन्हा पट काढून बसलेल्यांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पट समोर मांडून वाचलंत तर जास्त कळेल.

१. हा डाव नेमका कोणता? कुठे झाला?

२३ जुलै १९७२, आइसलंडची राजधानी रेक्याविक. जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव. पांढरी मोहरी अमेरिकेच्या बॉबी फिशरकडे, काळी सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीकडे. स्पास्कीने १९६९ मध्ये पेट्रोस्यानला हरवून जगज्जेतेपद मिळवलं होतं. सामना २४ डावांचा होता, पण २१ डावांतच संपला : फिशर १२½, स्पास्की ८½. सहावा डाव ४१ चालींत संपला, फिशर जिंकला.

२. त्या सामन्यात इतके डाव झाले, मग याच डावाचं एवढं कौतुक का?

आधीचे पाच डाव आठवा. पहिल्या डावात बरोबरीच्या स्थितीत फिशरने उंटाने एच२ वरचं प्यादं मारलं, तो उंट अडकला आणि डाव गेला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही, म्हणून गुण स्पास्कीला. ०–२. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत झाला. त्यात फिशरने स्पास्कीला आयुष्यात पहिल्यांदा हरवलं. चौथा बरोबरीत सुटला. पाचव्यात स्पास्कीने २७ व्या चालीला वजीर चुकीच्या घरात नेला आणि लगेच हरला. म्हणजे गुण २½–२½ झाले होते, पण फिशरच्या विजयांत समोरच्याच्या चुकांचाही वाटा होता.

सहाव्या डावात तसं काही नाही. घोडचूक नाही, सापळा नाही, वेळेची तारांबळ नाही. जगज्जेत्याच्या अत्यंत भरवशाच्या बचावावर (क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगमधला टार्टाकोव्हर बचाव), त्याच्याच मैदानात जाऊन, एकेक वीट काढून मिळवलेला विजय आहे हा. सामन्यात फिशर पहिल्यांदा पुढे गेला तोही इथेच. मला विचाराल तर ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, शिकण्यासाठी यापेक्षा चांगला डाव नाही. शेवटचा हल्ला जिथून येतो ते कारण दहाव्या चालीपर्यंत पटावर उमटलेलं असतं.

३. चाली मराठीत कशा वाचायच्या? पूर्ण डाव देता का?

रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही, फक्त घराचं नाव. × म्हणजे मारलं, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल). पुढे आकड्यानंतर तीन टिंबं दिसली (७...बी६) तर ती काळ्याची चाल; ! म्हणजे उत्तम चाल, ?? म्हणजे घोडचूक.

१. सी४ ई६ २. घो-एफ३ डी५ ३. डी४ घो-एफ६ ४. घो-सी३ उं-ई७ ५. उं-जी५ ०-० ६. ई३ एच६ ७. उं-एच४ बी६ ८. सी×डी५ घो×डी५ ९. उं×ई७ व×ई७ १०. घो×डी५ ई×डी५ ११. ह-सी१ उं-ई६ १२. व-ए४ सी५ १३. व-ए३ ह-सी८ १४. उं-बी५ ए६ १५. डी×सी५ बी×सी५ १६. ०-० ह-ए७ १७. उं-ई२ घो-डी७ १८. घो-डी४ व-एफ८ १९. घो×ई६ एफ×ई६ २०. ई४ डी४ २१. एफ४ व-ई७ २२. ई५ ह-बी८ २३. उं-सी४ रा-एच८ २४. व-एच३ घो-एफ८ २५. बी३ ए५ २६. एफ५ ई×एफ५ २७. ह×एफ५ घो-एच७ २८. हसी-एफ१ व-डी८ २९. व-जी३ ह-ई७ ३०. एच४ हबी-बी७ ३१. ई६ हबी-सी७ ३२. व-ई५ व-ई८ ३३. ए४ व-डी८ ३४. ह१-एफ२ व-ई८ ३५. ह२-एफ३ व-डी८ ३६. उं-डी३ व-ई८ ३७. व-ई४ घो-एफ६ ३८. ह×एफ६ जी×एफ६ ३९. ह×एफ६ रा-जी८ ४०. उं-सी४ रा-एच८ ४१. व-एफ४. काळ्याने डाव सोडला.

४. पहिली चाल सी४ आहे. मग ही इंग्लिश ओपनिंग ना? तुम्ही क्वीन्स गॅम्बिट का म्हणता?

सुरुवात इंग्लिशने झाली हे खरं. पण तिसऱ्या चालीला पांढऱ्याने डी४ खेळताच पटावर क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डची स्थिती आली. ओपनिंगचं नाव स्थितीवरून ठरतं, तिथे कोणत्या रस्त्याने आलो यावरून नाही. पुण्याला मुंबईहून जा नाहीतर नाशिकहून, पोचता पुण्यालाच. ओपनिंगच्या कोशात हा डाव डी५९ या गटात आहे.

पहिल्या चालीचं आश्चर्य मात्र खरं होतं. फिशर जवळजवळ नेहमी ई४ खेळायचा. १९७० च्या पाल्मा इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा) पोलुगायेव्हस्कीविरुद्ध आणि पान्नोविरुद्ध त्याने सी४ खेळलं होतं, पण पान्नोने निषेध म्हणून तो डाव एका चालीनंतरच सोडून दिला. जगज्जेतेपदाच्या सामन्यात, तेही गुण बरोबरीत असताना, तो आपलं घर सोडून बाहेर पडेल ही अपेक्षा कमी होती. याच सामन्याच्या आठव्या डावात त्याने पुन्हा सी४ खेळलं आणि तोही जिंकला.

५. गॅम्बिट म्हणजे प्याद्याचा बळी ना? मग काळा सी४ वरचं प्यादं मारून धरून का ठेवत नाही?

मारता येतं, धरून ठेवता येत नाही. डी४ डी५, सी४ डी×सी४, ई३ नंतर काळ्याने हट्टाने बी५ खेळून प्यादं वाचवायचं म्हटलं तर ए४ येतं. मग सी६, ए×बी५ सी×बी५ आणि व-एफ३! वजिराची नजर थेट ए८ च्या हत्तीवर जाते आणि काळ्याचं एक मोहरं जातंच. म्हणून जाणकार खेळाडू प्यादं घेतलं तरी परत देण्याच्या तयारीनेच घेतात. स्पास्कीने ते घेतलं नाही, ई६ ने डी५ ला आधार दिला. डिक्लाइन्ड म्हणजे एवढंच : देऊ केलेलं नाकारलं.

६. टार्टाकोव्हर बचाव कुठून सुरू होतो आणि त्यात ७...बी६ चा उपयोग काय?

क्वीन्स गॅम्बिट नाकारण्यात काळ्याचं एक जुनं दुखणं आहे : सी८ चा उंट. ई६ वर स्वतःचंच प्यादं बसलेलं, त्यामुळे त्या उंटाला बाहेर पडायला वाट नाही. साव्हिएली टार्टाकोव्हरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत बी६ खेळून त्याच्यासाठी बी७ चं घर उघडतात. तिथून त्याची नजर ए८–एच१ या लांब कर्णावर पडते.

त्याआधीची एच६ ही चालही कामाची आहे. प्यादं एच७ वर राहिलं तर पुढे पांढरा उं-डी३ आणि व-सी२ अशी जोडी लावून त्यावर वेळ साधून मारा करतो. एच६ ने तो प्रश्न मिटतो. पण त्याची किंमत डावाच्या शेवटी कळते (प्रश्न १२ पाहा).

७. आठवी ते दहावी चाल, नुसती मारामारी. अशाने बरोबरीच होणार ना? फिशरला यातून काय मिळालं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. तीन चालींत पांढऱ्याने सी-प्यादं, उंट आणि घोडा दिला आणि तेवढंच घेतलं. हिशोब बरोबरीत. पण शेवटची मारामारी बघा : १०...ई×डी५. आता डी५ वर काळ्याचं स्वतःचंच प्यादं पक्कं बसलं आहे. ज्या उंटासाठी बी६ खेळलं तो बी७ वर गेला तर त्याच्या नाकासमोर भिंत! म्हणून स्पास्की उंट ई६ ला ठेवतो. ते समंजसच आहे, उंट तिथून डी५ ला आधार देतो. पण बी६ या चालीचा मूळ हेतू संपला, आणि बी६ मुळे हललेली प्यादी मात्र तशीच राहिली.

दुसरी गोष्ट, काळ्याला कधीतरी सी५ खेळावंच लागतं. ते खेळलं आणि पांढऱ्याने तिथे मारामारी केली की काळ्याची सी५ आणि डी५ अशी जोडी उरते, जिच्या शेजारी बी-पट्टीत किंवा ई-पट्टीत आधाराला एकही प्यादं नसतं. यांना हँगिंग पॉन्स म्हणतात. पुढे सरकली तर दरारा, थांबून राहिली तर ओझं. १५ व्या चालीनंतर ही जोडी पटावर आली आणि उरलेला सगळा डाव तिच्याभोवती फिरतो.

आमच्या वर्गात मुलांना सांगतो की अदलाबदल करण्यापूर्वी काय गेलं ते मोजू नका, काय उरलं ते बघा. फिशरने तेच बघितलं होतं.

८. १४...ए६ ने उंटावर प्यादं घातलं, तरी फिशर शांतपणे १५. डी×सी५ आणि १६. कॅसलिंग करतो. स्पास्कीने बी५ चा उंट मारला का नाही?

कारण ए३ वर वजीर उभा आहे. ए६ चं प्यादं बी५ ला गेलं की ए-पट्टी उघडते आणि वजीर सरळ ए८ चा हत्ती घेतो. त्या हत्तीला आधार कोण देणार? सी८ चा हत्ती दिला असता, पण मध्ये बी८ वर अजून न हललेला घोडा आहे. म्हणून १६...ह-ए७ : हत्ती आता ई७ च्या वजिराच्या आधाराखाली आला आणि उंट खरोखर धोक्यात आला. तेव्हाच १७. उं-ई२ झालं.

आणि हे बघायला विसरू नका की उंट तिथे येऊन गेला तरी काम करून गेला. त्याने घोड्याची डी७ ची वाट काही काळ रोखली, ए६ खेळायला लावलं आणि हत्तीला ए७ सारख्या विचित्र घरात नेलं.

९. १८. घो-डी४ ने घोडा सी५ च्या प्याद्याच्या तोंडी दिला. तो फुकटच नव्हता का?

नव्हता. ए३ चा वजीर, सी५ चं प्यादं आणि ई७ चा काळा वजीर एकाच कर्णावर आहेत, आणि ई७ च्या वजिराला कुणाचा आधार नाही. प्याद्याने घोडा मारला तर पांढरा वजिराने वजीर मारतो. म्हणजे प्यादं पिनमध्ये आहे.

स्पास्कीने १८...व-एफ८ खेळून हे मोडलं, कारण तिथे वजिराला आधार आहे आणि आता घोडा मारण्याची धमकी खरी झाली. पण त्यामुळे फिशरला लगेच १९. घो×ई६ करायला मिळालं. डी५ ला सांभाळणारा उंट गेला आणि एफ-प्यादं ई६ वर ओढलं गेलं. पांढऱ्याकडे आता उंट, काळ्याकडे घोडा, आणि काळ्याच्या राजासमोरची पांढरी घरं उघडी.

१०. स्पास्की हरला तो नेमका कोणत्या चालीला?

एकाच चालीवर बोट ठेवायचं तर बहुतेक समीक्षक २०...डी४ वर ठेवतात आणि मलाही तेच पटतं. फिशरच्या २०. ई४ ने डी५ वर दबाव आला, त्यातून सुटायला स्पास्कीने प्यादं पुढे ढकललं. वरवर बघता चाल देखणी आहे : सी५ च्या आधाराने उभं असलेलं मोकळं प्यादं. आमच्या वर्गातही दहातली सहा-सात मुलं हीच चाल सुचवतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्यादं डी५ वर होतं तोवर ते सी४ आणि ई४ ही दोन घरं राखत होतं. ते डी४ ला गेलं आणि दोन्ही घरं पांढऱ्याला मिळाली. सी४ वर २३ व्या चालीला उंट जाऊन बसला. तिथून तो ई६ च्या प्याद्यावर आणि त्यामागे राजाच्या घरावर रोखलेला, आणि त्याला हुसकायला काळ्याकडे कुठलंही प्यादं नाही. ई४ तर पांढऱ्या प्याद्याच्या हातात राहिलं, ते तिथून ई५ ला गेलं आणि काळ्याच्या घोड्याची एफ६ ची वाट बंद झाली. आणि ज्या मोकळ्या प्याद्यासाठी हे सगळं केलं ते डी४ वरून शेवटपर्यंत एक घरही हललं नाही.

२०...सी४ हा पर्याय सुचवला जातो. त्यातही काळ्याला त्रास आहेच, पण पांढऱ्याच्या उंटाला ते आयतं सिंहासन मिळत नाही.

तरीही सगळं पाप त्या एका चालीच्या माथी मारू नका. त्याच्या सहा चाली आधी एक मोठी संधी हुकली होती, ती पुढच्या प्रश्नात.

११. काळ्याने १४ व्या चालीला काय खेळायला हवं होतं?

१४...व-बी७! वजीर ए३–एफ८ कर्णावरून बाजूला होतो, त्यामुळे सी५ ची पिन सुटते, आणि बी६ चं प्यादं सी५ वर मारायला गेलं की बी५ च्या उंटावर हल्लाही होतो. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये हिल्व्हरसम इथे एफिम गेलरने तरुण यान टिमनविरुद्ध हे खेळून दाखवलं. १५. डी×सी५ बी×सी५ १६. ह×सी५ ह×सी५ १७. व×सी५ घो-ए६! १८. उं×ए६ व×ए६. काळ्याने प्यादं दिलं, पण आता ए६ च्या वजिरामुळे एफ१ वर पहारा आहे आणि पांढऱ्याला कॅसलिंग करता येत नाही. राजा मध्यावर अडकला आणि गेलर जिंकला.

चटका लावणारी गोष्ट ही की रेक्याविकला गेलर स्पास्कीच्याच मदतनीस चमूत होता.

१२. ३३ ते ३६ या चालींत फिशर नुसता वेळ काढतोय असं वाटतं. आणि शेवटी काळ्याने घोडा एफ६ ला का दिला?

त्या चार चाली मला या डावात सगळ्यात जास्त आवडतात. ई६ चं प्यादं काळ्याच्या पोटात सुरीसारखं घुसलेलं आहे. काळ्याचे दोन्ही हत्ती सातव्या पट्टीत त्याला अडवायला जुंपलेले, घोडा एच७ वर कोंडलेला. स्पास्कीच्या वजिराच्या चाली बघा : ई८, डी८, ई८, डी८, ई८. त्याला दुसरं काही करताच येत नाही. फिशर हे जाणून ए४ खेळतो, हत्ती एफ२, मग एफ३, मग उंट डी३. घाई नाही.

३७. व-ई४ आल्यावर धमकी अशी आहे : ह-एफ८ शह, घो×एफ८, ह×एफ८ शह, व×एफ८ आणि व-एच७ मात. उंट आणि वजीर एकाच कर्णावर एच७ कडे बघत आहेत, आणि एच६ मुळे त्या घराभोवतीची पांढरी घरं कधीच पोकळ झालेली. म्हणून घोडा एफ६ ला येतो, आणि ३८. ह×एफ६ ने फिशर हत्ती देऊन राजाचं उरलंसुरलं कुंपण तोडतो. शेवटच्या ४१. व-एफ४ नंतर ह-एफ८ शहाने वजीर जाणारच, त्यामुळे स्पास्कीने तिथेच डाव सोडला.

१३. स्पास्कीने खरंच टाळ्या वाजवल्या का?

हो. डाव संपल्यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि हरलेला जगज्जेता स्वतः त्यात सामील झाला. शीतयुद्धाचे दिवस, मागे सगळा सोव्हिएत संघ, हातातून निसटू लागलेलं जगज्जेतेपद, आणि हा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या खेळाला दाद देतो! २७ फेब्रुवारी २०२५ ला स्पास्की गेल्याचं कळलं तेव्हा मला त्याचा एकही विजय आधी आठवला नाही. या टाळ्या आठवल्या.

१४. एवढा दणदणीत पराभव झालेला बचाव आज खेळावा का?

जरूर खेळावा. कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह यांच्या १९८४–८५ च्या सामन्यांत दोघेही तो खेळले. या डावातली ८. सी×डी५ ची वाट तर काळ्याला आज फारशी भीतीदायक राहिलेली नाही, कारण १४...व-बी७ सर्वांना ठाऊक आहे. तयारी करायचीच तर पांढरा लगेच मारामारी करत नाही त्या वाटांची करा. ८. उं-ई२ उं-बी७ ९. उं×एफ६ उं×एफ६ १०. सी×डी५ ई×डी५ ११. बी४ ही त्यातली ठळक. इथे पांढरा आधी काळ्याचा उंट बी७ ला जाऊ देतो आणि मग दार लावतो. फिशरचीच कल्पना, फक्त अधिक संयमाने.

१५. मी ४...उं-ई७ ऐवजी ४...घो(बी)-डी७ खेळतो. मग पांढरा डी५ चं प्यादं फुकट खाऊ शकतो असं मित्र म्हणतो. खरं का?

पांढऱ्याचा जी१ चा घोडा अजून घरीच असेल तर खाल्ल्यावर पस्तावेल. हा प्रश्न ४. घो-सी३ ऐवजी इतर क्रमांतूनही येतो, म्हणून पूर्ण ओळ देतो : १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. उं-जी५ घो(बी)-डी७ ५. सी×डी५ ई×डी५ ६. घो×डी५?? घो×डी५! ७. उं×डी८ उं-बी४ शह. पांढऱ्याला वजीर मध्ये घालण्यावाचून गत्यंतर नाही : ८. व-डी२ उं×डी२ शह ९. रा×डी२ रा×डी८. हिशोब केलात तर काळ्याला एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा जास्त मिळाला.

इंग्रजीत याला एलिफंट ट्रॅप म्हणतात. मराठीत 'हत्तीचा सापळा' म्हणून सांगितलं की मुलं पटावर हत्ती शोधत बसतात. या सापळ्यात आपल्या हत्तीचं काहीच काम नाही, हे आधीच सांगून ठेवा. आणि पांढऱ्याचा राजघोडा (जी१ चा) आधीच एफ३ वर आला असेल तर हा सापळा चालतो का? नाही, कारण बी४ वरून आलेला शह अडवायला तो घोडा डी२ ला जाऊ शकतो आणि पांढरा वाचतो. म्हणून एफ३ वर घोडा असताना तो आंधळेपणाने लावू नका. त्या स्थितीत ८. घो-डी२ नंतरही काळा उंटाने डी२ वर मारून पुन्हा शह देतो की आधी राजाने डी८ चा उंट घेतो, हे पट मांडून स्वतः मोजा.

१६. माझ्या आजोबांनी शिकवलेल्या पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं. त्या नियमाने हे ओपनिंग खेळता येईल का?

या चालींनी नाही. पहिल्याच चालीला सी४ म्हणजे दोन घरांची उडी आहे. देशी पद्धतीत ती नसते, त्यामुळे मध्यावरची झटापट उशिरा सुरू होते आणि क्वीन्स गॅम्बिटचा सगळा हिशोब बदलतो. कॅसलिंगचा नियमही घरोघरी वेगळा आढळतो. आजोबांबरोबर आजोबांच्या नियमाने खेळा, स्पर्धेच्या तयारीला आंतरराष्ट्रीय नियमाने. प्रश्न ७ मधली गोष्ट, म्हणजे अदलाबदलीनंतर काय उरतं ते बघणं, दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

१७. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा डाव कसा दाखवावा?

सगळ्या ४१ चाली एका बैठकीत दाखवू नका. पहिल्या दिवशी दहाव्या चालीपर्यंत या आणि विचारा, "काळ्याचा उंट आता कुठे ठेवशील?" दुसऱ्या दिवशी २०. ई४ पर्यंत आणा, काळ्याची चाल त्याला निवडू द्या आणि तिथून पुढे तुम्ही पांढऱ्याने त्याच्याशी खेळा. बहुधा तो डी४ खेळेल. खेळू द्या, टोकू नका. उंट सी४ वर जाऊन बसला की मग त्याला तो हुसकायला सांगा.